सलग बेचाळीस दिवसांचे आकडे

मंगळवार, ४ मार्च

पहिल्याच दिवशी तिघे खोटं बोलले. तेही दुपारपर्यंत!

एक बाई म्हणाल्या, दिवसभरात चार घास पोटात जातात — आणि पर्समधून बिस्किटांचा पुडा डोकावतोय. दुसरा म्हणाला रोज तासभर चालतो. एक जिना चढून आला तर पाच मिनिटं नाव सांगता येईना. तिसरा लिफ्टवाला. त्याचं पुढे लिहिते.

नवा दवाखाना सुरू झालाय. दर मंगळवारी, आमच्याच ओपीडीत, सात नंबरच्या खोलीत. ज्या मोठ्या माणसांना एडीएचडीही आहे आणि वजनही बेसुमार आहे अशांसाठी. मी समजत होते एडीएचडी पोरांना असतो. तर नाही म्हणे. मोठेपणीही लक्ष एका जागी टिकत नाही, वस्तू हरवतात, हातातलं काम अर्धं टाकून दुसरं सुरू. आमच्या वेळी याला वेंधळेपणा म्हणायचे आणि त्याच्यासाठी वेगळी खोली देत नसत!

डॉक्टरबाई माझ्या थोरल्या लेकीच्या वयाच्या. मला समजावत होत्या — "यांना 'कमी खा' सांगून काही होत नाही, सिस्टर. दुपारचं जेवण विसरतात, संध्याकाळी भूक अंगावर येते, मग हात थांबत नाही. आधी लक्ष जागेवर आणू, ताटाचं नंतर बघू." बोलतात छान. पण सव्वीस वर्षं वजनकाट्याशेजारी उभी राहिलेय मी. लोक बूट काढतात, पट्टा काढतात, खिशातली नाणी काढतात, आणि काट्यावर चढून म्हणतात — सिस्टर, तुमचा काटाच बिघडलाय.

तर लिफ्टवाला. लिफ्ट दुरुस्त करतो. वय एक्केचाळीस, वजन एकशे एकतीस. पन्नास मिनिटं उशिरा आला. वर म्हणतो, "मी मागच्या मंगळवारी आलो होतो, सिस्टर. तेव्हा दवाखाना सुरू झाला नव्हता." आठवडाभर लवकर आल्याचं सांगून उशीर पोटात घालायला लावायचा — ही थाप नवीन होती, कबूल करते.

मागच्या वर्षी दुरुस्तीनंतर लिफ्टच्या टपावर पाना विसरला. कोणाला लागलं नाही, पण कंपनीने वर पाठवणं बंद केलं, गोदामात बसवलं. मे अखेरपर्यंत मुदत आहे. उपचार घे, डॉक्टरांचं पत्र आण, नाहीतर कायमचा गोदामात. बीपी १४६ वर ९४ भरलं. लक्षाच्या औषधाने बीपी वाढू शकतं, म्हणून बाईंनी लगेच दिलं नाही. दोन आठवडे घरी रोज बीपी मोजून लिहून आणायला सांगितलंय.

तो आणि रोज लिहून आणणार!


बुधवार, ५ मार्च

लिफ्टवाला हेल्मेट विसरून गेलाय. माझ्या टेबलावर पिवळंधमक. कोणी उचललं तर माझ्या नावावर जायचं, म्हणून कपाटात ठेवून कुलूप लावलं.


मंगळवार, १८ मार्च

आणले! चौदा दिवसांचे आकडे. सगळे एकशे सव्वीस, एकशे अठ्ठावीस, एकशे तीस. आणि इथे मी मोजलं तर १४४ वर ९२.

बाई म्हणाल्या, दवाखान्यात आलं की काहींचं चढतं. घरचे आकडे चांगले आहेत, लहान डोसने सुरू करू. रोज सकाळी मोजणं चालू ठेवा.

घरचे आकडे! घरी कोण बघायला जातंय?

हेल्मेट परत दिलं. ते हरवलंय हे त्याला माहीतच नव्हतं.


रविवार, २३ मार्च

फ्रिजमधला केक अर्धा झालाय. यांना विचारलं — मी नाही. पुन्हा विचारलं — अगं खरंच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "बरं बाई, मीच खाल्ला." बघा! माणूस पहिल्या दोन वेळा स्वतःला वाचवतो, तिसऱ्यांदा खरं बोलतो. विचारणाऱ्याने तिथवर टिकायला हवं.

हे म्हणतात, तू पोलिसात जायला हवी होतीस. कौतुक होतं की टोमणा, लक्षात आलं नाही. वर्तमानपत्रामागे तोंड होतं.


मंगळवार, १ एप्रिल

लिफ्टवाला दहा मिनिटं आधी हजर. दाढी केलेली. दोन किलो उतरलेत. बाई खूश.

मला विश्वास बसत नाही. दोन आठवड्यांत माणूस इतका बदलतो? काट्यावर दोनदा चढवलं. खिसेही बघितले — हलकं व्हायला कोणी काय करेल सांगता येत नाही, पण खिशात टाकून हलकं होता येत नाही हे नंतर लक्षात आलं.

बीपी १४८ वर ९४. घरचं एकशे अठ्ठावीस. वीस पॉइंटचा फरक! कुठेतरी पाणी मुरतंय.


मंगळवार, १५ एप्रिल

आज तो बराच बोलला. बाई आतल्या खोलीत दुसऱ्या पेशंटबरोबर होत्या, म्हणून माझ्याशी. "सिस्टर, परवा मी जेवलो आणि पोट भरलं ते मला कळलं. तुम्हाला हसू येईल. आधी ताट संपलं की कळायचं." गोदामातच लिफ्टची एक वायरिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बैठकीत पूर्ण केली म्हणाला. मुकादमाने पुन्हा तपासली, एक स्क्रू ढिला निघाला नाही. पुढच्या महिन्यात पत्र मिळालं की पुन्हा लिफ्टच्या बोगद्यात, शाफ्टमध्ये जाणार. घरी छोटा मुलगा आहे, त्याला शाळेतून आणायला तीन आठवड्यांत एकदाही उशीर झाला नाही.

साडेचार किलो उतरलेत.

ऐकायला बरं वाटत होतं. म्हणून जास्तच सावध झाले. गोड बोलणारे पेशंट मी पुष्कळ बघितलेत. बीपी १५० वर ९६. त्याचा चेहरा उतरला. "पण घरी तर..." म्हणाला. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं.


सोमवार, २८ एप्रिल

उद्या तो येईल. मनाशी ठरवलंय, सोक्षमोक्ष लावायचा. बाईंना तो आवडतो, म्हणून त्यांना दिसत नाही. बीपी खरंच चढतंय आणि आपण औषध देतोय. उद्या लिफ्टच्या शाफ्टमध्येच मेंदूत रक्तस्राव झाला तर? कोण जबाबदार? सिस्टरने मोजलं होतं ना!


मंगळवार, २९ एप्रिल

पितळ उघडं पडलं.

१५४ वर ९८. मी त्याची वही मागून घेतली. १८ मार्च ते २८ एप्रिल — बेचाळीस दिवस, बेचाळीस आकडे. एक दिवस गाळलेला नाही. वेळ रोज सात दहा. एकच पेन. एक खाडाखोड नाही. अक्षर तर वर्गात फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या मुलीसारखं! जो माणूस हेल्मेट विसरतो आणि विसरल्याचंही विसरतो, तो बेचाळीस दिवस सलग? एका बैठकीत बसून लिहिलेली वही मला ओळखता येते.

बाईंच्या समोरच विचारलं.

"रोज मोजलंत?"

"हो, सिस्टर."

"एकही दिवस चुकला नाही? तुमचा?"

"चुकला असेल एखादा."

"इथे तर एकही रिकामा नाही. मग चुकलेल्या दिवसाचा आकडा आला कुठून?"

तो वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "भरला असेल मी."

"असेल म्हणजे? भरलात की नाही?"

"भरला."

"किती दिवसांचे?"

"माहीत नाही. बरेच असतील. सॉरी, सिस्टर."

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, घरचे आकडे खरे नसतील तर मला इथलेच धरावे लागतील. औषध आजपासून बंद. पत्र आत्ता देता येणार नाही. तो "बरं" म्हणाला. वाद नाही, आरडाओरडा नाही. खऱ्या माणसाने आवाज चढवला नसता का?

फाईलमध्ये मी स्वतः लिहिलं: "घरच्या नोंदी स्वतः बनवल्याचे रुग्णाने कबूल केले. ग्राह्य धरू नयेत." खाली सही.


बुधवार, ३० एप्रिल

बरं वाटतंय. कोणाचा तरी जीव वाचला असेल.


मंगळवार, १३ मे

लिफ्टवाला आला नाही. अकराला त्याच्या बायकोचा फोन. लॉन्ड्रीत काम करते, मागे मशीनची घरघर, त्यामुळे ओरडून बोलत होती. की रागाने ओरडत होती!

म्हणे औषध बंद झाल्यापासून पुन्हा तसंच. डबा घरी विसरतो, दिवसभर उपाशी, रात्री उभ्याउभ्या पाव संपवतो. तीन किलो परत चढले. गेल्या गुरुवारी मुलगा शाळेच्या फाटकाशी दीड तास उभा होता. आणि गोदामातून चुकीचा सुटा भाग पाठवला, मुकादमाने सगळ्यांदेखत सुनावलं.

मी म्हटलं, आकडे खोटे लिहिल्यावर आम्ही काय करणार?

"कोणी लिहिले खोटे?"

"त्यांनी स्वतः कबूल केलंय."

तिने कोणाला तरी मशीन बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "सिस्टर, सकाळी त्याला खुर्चीत मी बसवते. दंडाला पट्टा मी बांधते. वही मी लिहिते. त्याच्या हातात पेन दिलं तर तो पेन शोधत बसेल!"

बायको नवऱ्याची बाजू घेणारच. तसं बोलले नाही. "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला.


बुधवार, १४ मे

त्याची फाईल काढली. पहिल्या दिवशी त्याने भरलेला फॉर्म बघितला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वहीतलं अक्षर त्याचं नाही. एवढं मला तेव्हा दिसायला हवं होतं.

म्हणजे दोघांनी मिळून?

पण मग त्याने "भरला" का म्हटलं? कोणी उगीच स्वतःवर घेतं का? काही तरी लपवतायत. काय ते सापडत नाही, आणि जेवण गोड लागत नाही.


सोमवार, १९ मे

बीपीचं मशीन तपासून घ्यायचं ठरवलं. माझ्या मोजण्यावर शंका नको राहायला. मशीनच्या कंपनीच्या माणसाला फोन केला, उद्या सकाळी येतो म्हणाला. मशीन ठीक निघालं की लिफ्टवालीला सांगता येईल — हे बघ बाई, सर्टिफिकेट!


मंगळवार, २० मे

मशीन ठीक निघालं.

सगळं क्रमाने लिहिते.

मशीनवाला सर्टिफिकेट लिहीत होता आणि मी माझं काम चालू ठेवलं. त्या बिस्किटवाल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, टोक जरा ओढूनच बसवावं लागलं, नेहमीसारखं. त्याने मान वर केली आणि सहज म्हणाला, "सिस्टर, हा यांना लहान होतोय. मोठा कुठाय?"

मी म्हटलं, बसला की!

त्याने पट्टा उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला छापलेलं आहे — बावीस ते बत्तीस सेंटीमीटर. एक बाण आहे, दोन रेघा आहेत. बाण त्या दोन रेघांच्या मध्ये यायला हवा. बाईंच्या दंडावर तो रेघ ओलांडून चार बोटं पुढे गेला होता. "दंड जाड आणि पट्टा लहान असला की बीपी जास्त दाखवतं," म्हणाला. "दहा, पंधरा, कधी वीसही. मशीनबरोबर मोठा पट्टा दिला होता आम्ही. आठ महिने झाले."

दिला होता. माझ्या कपाटात होता, कुलपात, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडलेला. बाहेर राहिला तर कोणी पळवेल म्हणून मीच ठेवला होता. शिकताना हे शिकवलं होतं मला. सव्वीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं, आणि मी लिहूनही घेतलं होतं.

बिस्किटवाल्या बाईंना मोठा पट्टा बांधला. १५२ होतं ते १३२ झालं. त्या हसून म्हणाल्या, "अरे वा, सिस्टर, एका मिनिटात बरी केलीत!"

जाड माणसांच्या खोलीत मी बारीक माणसांचा पट्टा घेऊन बसले होते. आणि शंका घेत होते त्यांच्यावर.


बुधवार, २१ मे

डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ओरडायला हवं होतं. म्हणाल्या, "चूक माझीही आहे. मी अडीच महिने त्या आकड्यांकडे बघत होते, दंडाकडे एकदाही बघितलं नाही." मग लिफ्टवाल्याला फोन लावला. मी लावते म्हटलं होतं, पण नंबर दोनदा चुकीचा फिरवला.


गुरुवार, २२ मे

दोघे आले. तो आणि बायको. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

मी टेप घेतला. दंड एक्केचाळीस सेंटीमीटर. मोठा पट्टा बांधायला गेले तर बायको म्हणाली, "द्या इकडे. मी बांधते." बांधला. बाण बरोबर दोन रेघांच्या मध्ये आणला. तिला माहीत होतं! मशीन घेताना दुकानदाराने टेप लावून दंड मोजला होता म्हणाली, आणि मग योग्य पट्टा दिला होता. दुकानदाराला जे सुचलं ते मला सुचलं नाही.

१३० वर ८४.

मी म्हटलं, "माझी चूक झाली. तुमचे आकडे खरे होते. पहिल्या दिवसापासून." मनात घोकून आले होते, तरी वाक्य वाकडंतिकडं झालं.

तो म्हणाला, "असू दे, सिस्टर."

राहवलं नाही. विचारलं, "पण तुम्ही हो का म्हणालात? तुम्ही तर एक आकडाही भरला नव्हता!"

त्याने बराच विचार केला. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, ते दिसत होतं. मग म्हणाला, "तुम्ही इतक्या खात्रीने विचारत होतात. मला खात्री कशाचीच नसते. दार लावलं की नाही, जेवलो की नाही. लहानपणापासून असंच आहे, सिस्टर. लोक सांगतात तू केलंस, आणि बहुतेक वेळा मी केलेलंच असतं. मला वाटलं, हेही केलं असेल."

बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिथूनच म्हणाली, "शाळेत दुसऱ्याने फोडलेली काचसुद्धा याच्याच नावावर आहे. यानेच कबूल केलंय."

मला रडू आलं. पेशंटसमोर सव्वीस वर्षांत कधी आलं नव्हतं. त्यानेच पाण्याचा ग्लास पुढे केला.

औषध आजपासून पुन्हा सुरू.

घरी आल्यावर यांना विचारलं, मार्चमधला तो केक तुम्ही खाल्ला होता का? हे जरा घाबरलेच. मग म्हणाले, "नाही. तुझ्या धाकटीने नेला होता मैत्रिणींसाठी." मग हो का म्हणालात? "अगं, तू तीन वेळा विचारलंस! चौथ्यांदा विचारायच्या आत जेवायचं होतं मला."

हसावं की काय करावं. जेवले नाही.


शुक्रवार, २३ मे

पत्राचा मसुदा झाला. त्यात लिहावं लागणार — औषध बंद करण्यात रुग्णाची चूक नव्हती, मोजण्यात आमची चूक झाली. त्याशिवाय मुकादम ऐकणार नाही. वरच्या ऑफिसातून सुचवलं गेलं, "तांत्रिक कारणाने" असं लिहा. बाईंनी माझ्याकडे बघितलं. पुढच्या वर्षी मुख्य परिचारिकेची जागा रिकामी होतेय, हे त्यांनाही माहीत आहे, मलाही.

तांत्रिक कारण म्हटलं की मुकादम समजणार — यानेच काहीतरी गोंधळ घातला असेल. लिफ्टवालाही तसंच समजेल!

मी लिहायला लावलं: "परिचारिकेने लहान आकाराचा पट्टा वापरला." खाली माझं नाव. पूर्ण.

फाईलमधलं माझं वाक्य आडवी रेघ मारून खोडलं आणि शेजारी लिहिलं — हे खरे नाही. सही, तारीख.


सोमवार, २६ मे

कंपनीने पत्र घेतलं. पुढच्या आठवड्यापासून शाफ्टमध्ये, पहिला महिना जोडीदाराबरोबर. फोन त्यानेच केला. फोन करायचं लक्षात ठेवून केला!

बाईंनी सांगितलंय, या मशीनवर मोजलेल्या सगळ्या जाड पेशंटच्या फायली काढा. आठ महिन्यांच्या. सगळ्यांना बोलावून पुन्हा मोजायचं. त्याआधीच्या जुन्या मशीनचं तर विचारूच नका. त्याला एकच पट्टा होता.


मंगळवार, २७ मे

आज एकोणसाठ फायली झाल्या. अकरा फायलींत माझ्याच अक्षरात तेच वाक्य आहे — रुग्णाने कबूल केले.